मेझों पिकासिएत: फुटक्या ताटल्यांच्या घराला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समधल्या शार्त्र गावात फुटक्या कपबश्यांनी मढवलेलं एक घर आहे. पॅरिसला निघालेली मंडळी त्या घराबद्दल मला सतत विचारतात आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. म्हणून आलेल्या निरोपांतून निवडून ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहेत. पुढचे प्रश्न एकदा जाऊन आलेल्यांनी किंवा काहीतरी अडलेल्यांनी विचारलेले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे तसं सांगितलं आहे.

हे घर आहे तरी काय? राजवाडा, संग्रहालय की मंदिर?

घरच आहे. रेमों इझिदोर नावाच्या माणसाने स्वतःच्या हातांनी बांधलेलं तीन खोल्यांचं लहानसं घर. बांधून झाल्यावर त्याने ते फुटक्या चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांनी सजवायला घेतलं. भिंती झाल्या, जमीन झाली, मग पलंग, टेबल, चूल. पुढे अंगण, एक छोटं प्रार्थनाघर, बागेतल्या वाटा, कुंड्या आणि कुंपणाच्या भिंतीही झाल्या. १९३८ मध्ये सुरू केलेलं काम १९६२ पर्यंत चाललं. या सगळ्या काळात तो, त्याची बायको आणि तिची मुलं याच घरात राहत होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे स्वयंपाक व्हायचा, कपडे शिवले जायचे, माणसं झोपायची. १९८१ मध्ये शार्त्र नगरपालिकेने घर विकत घेतलं आणि १९८३ मध्ये त्याला फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आज ते पालिकेच्या ललितकला संग्रहालयाच्या अखत्यारीत आहे.

पॅरिसहून कसं जायचं? एका दिवसात होतं का?

आरामात होतं. शार्त्र पॅरिसच्या नैऋत्येला साधारण नव्वद किलोमीटरवर आहे. मोंपार्नास स्थानकातून थेट प्रादेशिक गाडी मिळते आणि ती तास-सव्वा तासात पोहोचवते. पॅरिसमध्ये मोठी स्थानकं बरीच आहेत आणि गडबडीत लोक भलत्याच स्थानकावर जातात, म्हणून पुन्हा लिहिते: मोंपार्नास. सकाळी लवकरची गाडी घेतली तर कॅथेड्रल (गावातलं जुनं मोठं चर्च), नदीकाठ आणि हे घर बघून रात्री परतता येतं. आधी काय बघायचं यासाठी खाली "आधी कॅथेड्रल की आधी घर?" हा प्रश्न बघा.

स्टेशनवर उतरल्यावर घर सापडतं का? पाट्या आहेत का?

गावाचा चढउतार आधी लक्षात घ्या. स्टेशन आणि कॅथेड्रल वरच्या अंगाला आहेत. तिथून उतरत गेलं की खाली अर नदी लागते. ती ओलांडून पूर्वेकडे पुन्हा थोडं चढायचं. कॅथेड्रलपासून घर दीड-दोन किलोमीटर आहे, म्हणजे रमतगमत अर्धा तास. पत्ता आहे २२, र्यू द्यु रपो. "रपो" म्हणजे विश्रांती. रस्त्याचं हे नाव उगाच पडलेलं नाही, शेजारीच सँ-शेरोंची दफनभूमी आहे आणि इझिदोर तिथेच झाडूवाला होता.

ज्यांना चालवत नाही त्यांनी शहर बस किंवा टॅक्सी घ्यावी. बाकीच्यांनी मात्र ही वाट पायीच करावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. नदीकाठी जुनी धोबीघाटं अजून उभी आहेत, पाण्यावर वाकलेली. त्यांच्या मागून वर बघितलं की कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसतात, एकमेकांशी न जुळणारे. नदी ओलांडली की घरं साधी होत जातात. पर्यटक कमी होतात, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे दिसू लागतात. इझिदोर अशाच वस्तीतला माणूस. गाडीने थेट दारात उतरलात तर हे कळणार नाही.

कधी उघडं असतं?

वसंतापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. हिवाळ्यात बंद. हंगामातही आठवड्याची सुट्टी असते आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी दार लागतं, कारण फ्रान्समधल्या छोट्या संग्रहालयांची ती रीतच आहे. वेळा हंगामागणिक बदलतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी शार्त्र नगरपालिकेच्या पानावर बघूनच तिकीट काढा. मी पहिल्यांदा वार न बघता गेले होते. बंद फाटकाच्या फटीतून निळ्या तुकड्यांची एक पट्टी तेवढी दिसली आणि मी परत फिरले. पुन्हा जायला तीन वर्षं लागली.

किती वेळ ठेवायचा?

नुसतं फिरून यायचं तर पाऊण तास. नीट बघायचं तर दोन तास.

"पिकासिएत" म्हणजे काय? पिकासोचं घर आहे का?

नाही. पिकासो हे चित्रकाराचं नाव त्यात दडलेलं आहे, पण घराशी त्याचा संबंध तेवढाच. फ्रेंचमध्ये "पिक-आसिएत" म्हणजे दुसऱ्याच्या ताटावर बसणारा. आपल्या भाषेत आयतोबा किंवा फुकट्या. "आसिएत" म्हणजे ताटली. गावभर फुटक्या ताटल्या गोळा करत हिंडणाऱ्या माणसाला गावाने हे नाव चिकटवलं आणि त्यात पिकासोही घुसडला. नाव टवाळीतून आलं.

पुढे काय झालं बघा. घराला तेच नाव पडलं आणि आता फुटक्या चिनी मातीच्या मोझेकला, म्हणजे तुकडे बसवून केलेल्या नक्षीला, जगभरचे कारागीर "पिकासिएत" पद्धत म्हणतात. शार्त्रमध्ये मोझेक कलावंतांचे आंतरराष्ट्रीय मेळावे भरतात आणि तिथला पुरस्कारही याच नावाने दिला जातो. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचं फुकट खाल्लं नाही, त्याला चिकटलेल्या शिवीचं हे झालं. तरी मी लिहिताना शक्यतो इझिदोरच म्हणते.

हा इझिदोर कोण? शिकलेला कलावंत होता का?

नव्हता. जन्म ८ सप्टेंबर १९००, शार्त्रमध्येच. ओतकामाच्या कारखान्यात काम केलं, मग रस्त्याची मोलमजुरी, आणि १९४९ पासून दफनभूमीत झाडूवाला. १९२४ मध्ये आद्रिएनशी लग्न केलं. ती विधवा होती, त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आणि तीन मुलांची आई. १९२९ च्या सुमारास जमिनीचा तुकडा घेतला आणि कुटुंबाला छप्पर म्हणून घर बांधलं. आधी निवारा, मग नक्षी, हा क्रम त्याने स्वतः सांगितलेला आहे.

कलाशिक्षण शून्य. अशा कलेला फ्रान्समध्ये "आर ब्रूत" म्हणतात. चित्रकार झ्याँ द्युबुफे याने हा शब्द रूढ केला. अर्थ कच्ची, न तासलेली कला. शब्द सोयीचा आहे, पण या घरात उभं राहिल्यावर "कच्ची" म्हणवत नाही. रंगांची जुळणी इतकी विचारपूर्वक आहे की शिकलेल्यानेही थांबून बघावं.

एवढे तुकडे त्याने आणले कुठून?

सुरुवात शेतातून झाली. चालायला गेला असताना मातीत काचेचे आणि कपबश्यांचे बारीक तुकडे चमकताना दिसले. रंग आवडले म्हणून उचलले. काय करायचं ते ठरलं नव्हतं. चांगले ठेवले, बाकीचे टाकले. बागेच्या कोपऱ्यात ढीग वाढत गेला आणि मग घर सजवायची कल्पना सुचली. पुढे तो गावाच्या कचऱ्याच्या उकिरड्यावर जाऊ लागला.

भिंतीजवळ तोंड नेऊन बघाल तर तुकड्यांवर अजून मूळ वस्तूची ओळख दिसते. ताटलीच्या कडेची सोनेरी रेघ. बशीच्या मधली कपाची बैठक. टवका उडालेलं गुलाबाचं फूल. कुठे कपाचा आख्खा कान. कोणाच्या तरी घरी हातातून निसटलेली ती बशी. ती पडल्यावर कोणी चुकचुकलं असेल, कोणाला रागावणं बसलं असेल. एका गावाची काही दशकांची फूटतूट या भिंतींवर लागलेली आहे, आणि मला तर मी गावाचा हिशोबच वाचतेय असं वाटलं.

पंधरा टन तुकडे आणि एकोणतीस हजार तास! हे खरं धरायचं का?

हे दोन्ही आकडे नेहमी सांगितले जातात. वजनाचं सोडा, तासांचं गणित मी मांडून बघितलं. १९३८ ते १९६२ म्हणजे चोवीस वर्षं. २९,००० भागिले २४ केलं तर वर्षाला बाराशेच्या वर तास येतात. म्हणजे एकही दिवस सुट्टी न घेता रोज सव्वातीन तास. दिवसभर काम करून आलेला, संध्याकाळी आणि रविवारी बसणारा माणूस, डोळ्यांपुढे आणा. अशक्य नाही, आणि थक्क करणारं तर आहेच. त्यात वेचण्याच्या फेऱ्या, धुणं, निवडणं, तोडणं, सिमेंट कालवणं, सगळं धरा. नुसता तुकडा दाबून बसवण्याचं काम त्यातलं थोडं.

आत गेल्यावर काय काय बघायचं? ओळीने सांगाल का?

आधी घराच्या खोल्या. त्याने कामाला सुरुवात आतूनच केली होती आणि खरं नवल तिथेच आहे. खोल्या इतक्या लहान की चार माणसं झाली की दाटी होते. भिंतींवर त्याने रंगवलेली चित्रंही आहेत, त्यात समुद्रातला मों-सँ-मिशेलचा डोंगर ओळखू येतो. बाकी सगळं तुकड्यांचं. चुलीवर मोझेक, टेबलावर मोझेक, पलंगाच्या लाकडावर मोझेक. आद्रिएनचं शिलाई मशीनही सुटलेलं नाही. मी सगळ्यात जास्त वेळ त्या मशीनपाशी उभी होते. आपल्या आजीच्या पायमशीनला कोणी हात लावला तरी ती ओरडायची. इथे नवऱ्याने कणाकणाने ते मढवलं आणि बाईने मढवू दिलं. या दोघांमधलं नातं मला त्या एका वस्तूत दिसलं.

बाहेर आलात की प्रार्थनाघर. इथे निळा रंग सगळ्यांवर मात करतो. सकाळी कॅथेड्रलच्या रंगीत काचा बघून आला असाल तर हा निळा कुठून आला ते सांगावं लागणार नाही.

मग काळं अंगण. इथे तुकड्यांचा रंग गडद होतो, भिंतींवर कॅथेड्रल आणि चर्चच्या आकृत्या येतात. "झाडूवाल्याचं सिंहासन" नावाचं आसन इथे आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या थडग्यांभोवतीची पानं गोळा करणाऱ्या माणसाने स्वतःसाठी केलेलं आसन. नुसतं वाचून गंमत वाटेल. समोर उभं राहिल्यावर मला तरी हसू आलं नाही.

शेवटी बाग, जेरुसलेम नगरीचं चित्र असलेली भिंत आणि "आत्म्याची समाधी". ही समाधी त्याच्या शेवटच्या कामांपैकी आहे आणि तिच्यावर शार्त्रच्या कॅथेड्रलची प्रतिकृती आहे. कॅथेड्रल या घरात किती वेळा येतं ते मोजायला लागा, मुलांना हा खेळ फार आवडतो.

बाग म्हणतात, पण फुलझाडं फारशी दिसली नाहीत असं एकाने लिहिलंय. खरं का?

इथली बाग ताटव्यांसाठी नाहीच. वाटा, कुंड्या, पुतळे आणि भिंती यांवर मोझेक आणि त्यांच्या मधून झाडं, असा प्रकार आहे. पण झाडं नसती तर हे सगळं डोळ्यांना टोचलं असतं. हिरव्या पानांची सावली तुकड्यांवर हलते तेव्हा भिंत जिवंत होते. राजवाड्यांच्या आखीव बागा बघायच्या असतील तर त्यासाठी फ्रान्समध्ये दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

तो वेडा होता का हो? स्पष्ट सांगा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मला तो आवडत नाही, पण टाळत नाही.

शेजाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तो विक्षिप्त वाटायचा आणि नाव ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली (वर "पिकासिएत" चा प्रश्न बघा). त्याचा शेवटही दुःखद आहे. १९६४ च्या सप्टेंबरमध्ये एका वादळी रात्री तो घरातून निघून गेला, नंतर थकून गेलेल्या अवस्थेत सापडला आणि ७ सप्टेंबरला वारला. चौसष्टावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. मनाने तो शेवटी खचला होता, एवढं यावरून दिसतं.

पण चोवीस वर्षं एक काम टप्प्याटप्प्याने पुढे नेणं, रंगांचा तोल सांभाळणं, नोकरी करणं, घर चालवणं, हे वेडेपणाचं लक्षण कसं? रोज सकाळी उठून रांगोळी काढणाऱ्या बाईला कोणी वेडी म्हणत नाही, कारण तिची रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते आणि शेजारीणही काढते. इझिदोर एकटा होता आणि त्याची नक्षी पुसली जाणारी नव्हती. फरक एवढाच. फोटोग्राफर रोबेर द्वानो याच्यासारख्या माणसांनी तो जिवंत असतानाच त्याचं काम ओळखलं आणि टिपून ठेवलं. तेव्हा मुलांना घेऊन जाल तर कृपा करून "वेड्याचं घर" म्हणून नेऊ नका.

ख्रिस्ती धर्मातलं काही कळत नाही. चित्रं समजतील का?

समजतील. दोन गोष्टी ठाऊक असल्या तरी पुरे. शार्त्रचं कॅथेड्रल येशूच्या आईचं, मारियाचं आहे आणि ८ सप्टेंबर हा तिच्या जन्माचा सण. इझिदोरचा जन्म त्याच दिवशीचा. दुसरी गोष्ट जेरुसलेम. भाविक ख्रिस्त्यांसाठी ती पवित्र नगरी, आणि कधीही तिथे न गेलेल्या माणसाने ती आपल्या परसातल्या भिंतीवर वसवली. पंढरीला जाता आलं नाही म्हणून दारातल्या तुळशीपाशी पंढरी मानणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. ती आठवली की या भिंतीला वेगळी टीप लागत नाही.

आधी कॅथेड्रल की आधी घर?

आधी कॅथेड्रल. नेहमी. १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. ११९४ च्या आगीनंतर आजची इमारत उभी राहिली, आणि तिच्या रंगीत काचांतला निळा जगात "शार्त्रचा निळा" म्हणून ओळखला जातो. आत डोळे सरावायला दहा मिनिटं द्या. आधी नुसता अंधार, मग काचा पेटल्यासारख्या दिसू लागतात. जमिनीवरचं चक्रव्यूह जवळजवळ तेरा मीटर व्यासाचं आहे. एरवी त्यावर खुर्च्या असतात. हंगामात शुक्रवारी त्या हटवतात, तेव्हा चालता येतं.

हे बघून मग घराकडे उतरा. राजे, धर्मगुरू आणि कसलेल्या कारागिरांनी काचेत जे केलं, तेच एका झाडूवाल्याने फुटक्या बशीत करून बघितलं. उलट क्रमाने गेलात तर घर नुसतं गमतीदार वाटेल आणि कॅथेड्रल नुसतं मोठं.

फक्त तीन तास हातात आहेत. घर सोडू का?

दुपारी जेवणाच्या वेळेला घर बंद नाही याची खात्री करा. बंद नसेल तर कॅथेड्रलला एक तास, टॅक्सीने घर, तिथे एक तास, आणि परत स्टेशन. नदीकाठ राहील. घर सोडू नका. मोठी चर्च फ्रान्समध्ये दुसरीकडेही दिसतील, हे घर एकच आहे.

वयस्कर आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर?

वयस्करांनी वर जाताना टॅक्सी घ्यावी. आत पायवाटा अरुंद आहेत, काही ठिकाणी पायऱ्या आहेत, आणि तुकड्यांची जमीन सपाट नसते, ओली असेल तर घसरते. रबरी तळाची पादत्राणं घाला. बाबागाडी आतल्या खोल्यांत नेणं अवघड. त्यापेक्षा बाळ कडेवर घ्या.

मुलं मात्र इथे कंटाळत नाहीत. त्यांना कामाला लावा: कपाचा कान शोधा, सगळ्यात छोटा तुकडा शोधा, कॅथेड्रल किती ते मोजा.

फोटो काढू का? हात लावून बघू का?

फोटो सगळेच काढतात. दारावरच्या सूचना पाळा आणि फ्लॅश बंद ठेवा, कारण चकचकीत चिनी मातीवर फ्लॅशचा नुसता पांढरा डाग उमटतो. हात लावू नका. मोह होतो, मला ठाऊक आहे. पण तुकड्यांच्या कडा धारदार आहेत आणि सत्तर-ऐंशी वर्षांच्या सिमेंटला रोजच्या हजार बोटांचा दाब सोसत नाही. पाठीवरची पिशवी पुढे घ्या. आतल्या खोल्यांत वळताना धक्का लागतो तो पिशवीचाच.

त्या दिवशी पाऊस असेल तर जाऊ नये का?

जरूर जा. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा भुरभुर होती. ओल्या चिनी मातीवर रंग गडद होतात, धुवून काढल्यासारखे. उन्हात काच चकाकते पण रंग फिकटतात, आणि फोटोत तर ढगाळ हवाच चांगली. फक्त घसरणीची काळजी घ्या (वरचा वयस्करांचा प्रश्न).

आमची सहल डिसेंबरमध्ये आहे. घर बंद. मग शार्त्रला जाण्यात अर्थ आहे का?

कॅथेड्रल बाराही महिने उघडं असतं आणि तेवढ्यासाठी जायला हरकत नाही. पण घरासाठीच जाणार असाल तर थांबा. बाहेरून फारसं दिसत नाही, सगळी नक्षी फाटकाच्या आत आहे. शक्य असेल तर सहल एप्रिलनंतर ढकला.

चंदीगडचं रॉक गार्डन बघितलंय. यात वेगळं काय?

दोघं एका गोत्राची आहेत. नेकचंद सैनी रस्ते खात्यातले निरीक्षक, इझिदोर झाडूवाला. दोघांनी टाकाऊ वस्तू वेचल्या, दोघांनीही कोणाला न विचारता सुरुवात केली. पण नेकचंदांनी सरकारी जंगलात गुपचूप एक राज्य उभारलं आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झाल्यावर ते एकरांनी वाढलं. तिथे आपण दऱ्या, धबधबे आणि मूर्तींच्या फौजेतून चालतो. इथे आपण एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात शिरतो. रॉक गार्डनमध्ये मला भव्यतेने भारलं, इथे जवळिकीने.

याच वाटेवरचा तिसरा माणूस म्हणजे फ्रान्समधलाच पोस्टमन फेर्दिनां शव्हाल. त्याने १८७९ ते १९१२ अशी तेहेतीस वर्षं टपालाच्या फेरीत दगड वेचून ओतरीव्ह गावात महाल बांधला. ते गाव पॅरिसपासून लांब, दक्षिणेला आहे. शार्त्रसारखं एका दिवसात होत नाही.

याला मोझेक म्हणायचं का? मोझेकचे तुकडे तर चौकोनी असतात.

रोमन आणि बायझंटाईन मोझेकमध्ये दगड किंवा काच मुद्दाम चौकोनी तोडून लावत. इथे तुकडा जसा फुटला तसा. पण पृष्ठभागावर तुकडे बसवून आकृती घडवणं हे तत्त्व तेच, म्हणून मोझेकच. आपल्या गच्चीवर पाणी झिरपू नये म्हणून पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवतात, त्यालाही गवंडी "चायना मोझेक" म्हणतातच. बार्सेलोनात गौदीच्या पार्क ग्वेलमधली बाकंही याच जातीची. फरक असा, की तिथे वास्तुविशारद, कारागीर आणि धनिक आश्रयदाता होते. इथे एक माणूस आणि त्याची घमेली.

बघून आल्यावर हात शिवशिवतात. घरी करता येईल का?

येईल, आणि करा. भिंतीपासून सुरुवात करू नका. एक मातीची कुंडी घ्या. फुटकी बशी जाड फडक्यात गुंडाळून वरून हलका हातोडा मारा, डोळ्यांवर चष्मा हवाच. आकार द्यायला टाइल तोडायची पक्कड मिळते. धारदार कडा घासून घ्या. टाइल चिकटवायच्या तयार मिश्रणाने तुकडे बसवा, दोन तुकड्यांत थोडी फट ठेवा, एक दिवस वाळू द्या आणि मग फटीत ग्राउट भरा. ग्राउट ओलं असतानाच तुकडे पुसून घ्या, वाळल्यावर खरवडत बसावं लागतं. कुंडी बाहेर ठेवणार असाल तर आतून पाणी-प्रतिबंधक थर द्या, नाहीतर ओल मागून येऊन तुकडे सुटतात.

रंगांची जुळणी आधी जमिनीवर मांडून बघा. तुकडे रंगांनुसार डब्यांत वेगळे करायलाच मला दोन रविवार लागले, आणि सगळ्यात आनंदाचे तेच होते.

जमिनीवर गळून पडलेला तुकडा दिसला. आठवण म्हणून ठेवून घेऊ का?

नाही. संरक्षित वास्तूचा भाग आहे तो. पाणी भेगांत शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि तुकडा सुटतो. उघड्यावरच्या अशा कामाची डागडुजी सतत करावी लागते, आणि सुटलेला तुकडा सापडला तर तो त्याच्या जागी परत बसवता येतो. म्हणून उचलूही नका. कुठे पडलाय ते नीट बघून ठेवा, दारावरच्या कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन या आणि बोटाने दाखवा. फ्रेंच येत नसली तरी चालेल.